वजनाच्या पारड्याखाली

ऐरोलीच्या खाडीत भरती होती त्या दिवशी,
तरी चिखल पोटऱ्यांपर्यंत.
पास्टर ओहोळांनी नाक चिमटीत धरून
मला मागं रेललं, बुडवलं, वर काढलं.
काठावर टाळ्या वाजल्या.
कानातलं पाणी दोन दिवस गेलं नाही,
मला वाटलं, हाच तो पालट.

मग पाटी रंगवून घेतली.
रबाळ्यात पाइपलाइनला लागून भंगाराचं दुकान,
आधी 'सोळसे ट्रेडर्स',
आता 'इम्मानुएल स्क्रॅप'.
वर पांढरं कबुतर, पेंटरनं काढलेलं,
बदकासारखं दिसतं. त्याचे साडेसातशे वेगळे.
फोनची रिंगटोन बदलली, खिळ्यावरचं कॅलेंडर बदललं,
दारू सुटली (ती खरीच सुटली, खोटं कशाला बोलू)
आणि दर रविवारी कोपरखैरण्याला
तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये
उभा राहून साक्ष देत गेलो.
अकरा वर्षं.
आवाज कुठं कापरा करायचा, कुठं थांबायचं,
सगळं पाठ.

वजनाच्या पारड्याखाली एक लोहचुंबक होतं,
फुटक्या स्पीकरमधून काढलेलं.
दर खेपेला पाव किलो खायचं.
रिकामा तराजू मी कधी टांगता ठेवत नसे.
ते बाप्तिस्म्याच्या आधीपासूनचं.
माझ्याबरोबर खाडीत आलं नव्हतं.

दिघ्याची सोजरबाई एकदा
गोणीबरोबर नातीला घेऊन आली.
तापानं फणफणलेली पोर.
म्हणाली, तुमचा देव ताप उतरवतो म्हणतात,
ठेवा की जरा हात.
मी गडबडीत तराजू तसाच सोडला,
हात पोरीच्या कपाळावर ठेवला.
तळव्याला गंजाचा वास.
अकरा वर्षांतला एक शब्द जिभेवर येईना.
आणि ती पोर, डोळे अर्धे मिटलेली, म्हणाली,
आजी, रिकामा तराजू वाकडा का गं?
गप, आजी म्हणाली.
एवढ्या पटकन म्हणाली
की माझ्या पोटात खड्डा पडला.

रात्री हिशोबाला बसलो.
पाव किलो, आठवड्याला तीन खेपा, नऊ वर्षं,
पंचवीसचा भाव धरून
आठ हजार सातशे पंच्याहत्तर.
ही एकटी सोजरबाई.
बाकीच्यांची नावं मी कधी विचारलीच नव्हती.

चुंबक काढायला पक्कड लागली.

सांगायची हिंमत नव्हती, म्हणून
गुपचूप फेडायला लागलो:
पावतीवर किलो दोन किलो जास्तीचे.
तिसऱ्याच दिवशी तिनं गोणी परत उचलली.
जास्त भरतंय आज. काय डाव आहे तुझा?
आणि गेली समोरच्या दुकानात.

मग दिघ्याचा चढ चढावाच लागला.
पत्र्याच्या दारात उभ्यानं सांगितलं,
पाकीट पुढं केलं.
ती भाकरी थापत होती, थापत राहिली.
ठाऊक होतं मला, म्हणाली,
सगळ्यांच्याच खाली काही ना काही असतं.
तुझं कमी खायचं, म्हणून येत होते.
मग हात धुऊन, अंगठ्याला थुंकी लावून
नोटा मोजल्या, दोनदा.
माफीचं नाव तिनं काढलं नाही.
मीही मागितली नाही; मागितली असती
तर तीही एक साक्ष झाली असती.
पोरगी बाहेर बिट्ट्या खेळत होती.
तिचा ताप कधी उतरला, कुणी उतरवला,
विचारायचं राहून गेलं.

आता साक्षीची वेळ झाली
की पास्टर माझ्याकडं बघतात.
मी चपलांच्या रांगेजवळ बसून असतो.
सोळसे थंड पडला, असं बोलतात म्हणे.
पडला असेल.

सोमवारी सोजरबाई येते
कमरेला घरचं किलोचं माप बांधून.
आधी ते एका पारड्यात ठेवते,
माझं दुसऱ्यात.
तिचा माझ्यावर अजून भरवसा नाही.
काटा डुलतो, डुलत राहतो,
आणि तो थांबेपर्यंत
मीही तिच्याइतकाच वाकून बघतो.