राखीव श्वास

गुरुवारी संध्याकाळी सात वाजता
ड्रिल हॉलचं दार खांद्यानं ढकलावं लागतं,
थंडीनं चौकट फुगलेली.
ओस्टापनं तोवर बर्फाचा नांगर बाहेर लावलेला असतो,
ट्युबा तो मांडीवर घेतो
आजारी वासरू घ्यावं तसा.
ट्रॉम्बोनवाला बोहदान शाळेत भूमिती शिकवतो.
मर्ना रात्रपाळीची नर्स, मोठा ढोल तिच्याकडे.
मी दिवसभर कवळ्या घडवते,
परक्या तोंडांच्या मापांशी झटते,
आणि संध्याकाळी स्वतःचं तोंड घेऊन इथे येते.
तिसरा कॉर्नेट.
धून आमच्या वाट्याला क्वचितच येते.

आम्ही राखीव.
म्हणजे अर्धेच सैनिक, असं माझा दीर म्हणतो.
आईला वाटायचं, राखीव म्हणजे
तळघरातली बिटाची बरणी,
मार्च उजाडेपर्यंत जिला हात लावायचा नाही.

स्वरलिपींचं कपाट माझ्या ताब्यात आहे.
सगळ्यात खालच्या कप्प्यात
एकोणीसशे पंधराचे कागद,
कडा चहात बुडवलेल्या बिस्किटासारख्या.
त्या वर्षी या हॉलमधून चोवीस जण वाजवत निघाले
स्टेशनपर्यंत.
फ्रान्समध्ये पोचल्यावर त्यांना सांगितलं,
वाद्यं त्या कोठारात ठेवा,
आणि हातात स्ट्रेचर दिले.
वाजवणाऱ्यांची पावलं जुळलेली असतात,
दोघांत एक ओझं न हिंदकळता नेतात,
असा कुणीतरी हिशेब केला असावा.
हिशेब बरोबरच होता.

वाद्यं सगळी परत आली.
चोवीस.
माणसं अकरा.

मग तेरा वाद्यांसाठी तोंडं शोधत
बँड पुन्हा उभा राहिला. गवंडी आले, एक टपालवाला,
पुढे बायकाही आल्या, उशिरा.
दुसऱ्या लढाईत रोखे खपवायला वाजवलं,
महापुराच्या साली पहाटे चारला
वाळूची पोती भरणाऱ्यांसाठी वॉल्ट्झ,
गुडघाभर पाण्यात, असं म्हणतात.
म्हणणारेही आता फार नाहीत.

तिसऱ्या कॉर्नेटच्या कागदावर नाव आहे: सिगमार.
तलावाकाठच्या आइसलँडी कोळ्यांतला कुणी.
चौथ्या ओळीत, जिथे कुणाचाही दम संपेल नेमका तिथे,
पेन्सिलीनं लिहिलेला एक शब्द.
किराणावाल्या म्हातारीकडून अर्थ विचारून आणला:
इथे नको.
आणि पुढची ओळ संपताना दुसरा:
आता.

मी तिथेच श्वास घेते.
त्याच्या आधी घेतला तर काही बिघडणार नाही,
तिसऱ्या कॉर्नेटकडे कोण ऐकतंय.
तरी नाही घेत.

यंदा नोव्हेंबरात, स्मारकासमोर, उणे एकोणीस.
बिगुलवाला पोरगा मुखनळी काखेत धरून उभा.
आधी बोहदानची नळी अडकली,
मग क्लॅरिनेट गेल्या, मग माझी मधली कळ
दाबली ती वर आलीच नाही.
एकेक करून आम्ही गप्प होत गेलो
आणि डेल्फीनबाई हात हलवत राहिल्या,
जणू सगळं ऐकू येतंय.
फक्त मर्नाचा ढोल.
ओठ धातूला चिकटलेले, बोटं सुन्न,
पण चौथी ओळ आली तसा मी दम धरला.
इथे नको.
इथे नको.
आता.
तोंडातून नुसती वाफ निघाली.
पहिल्या रांगेतल्या चाकाच्या खुर्चीतल्या आजोबांनी
टोपी काढली. थंडी वाजेल, असं मुलगी पुटपुटली.

राजधानीहून पत्र आलंय:
बँडची उपयुक्तता एका पानात कळवावी.
डेल्फीनबाईंनी ते माझ्याकडे दिलं,
कपाट तुझ्याकडे आहे म्हणाल्या.
तीन रात्री मी पानासमोर बसले.
चोवीस लिहिलं, अकरा लिहिलं, खोडलं.
परिच्छेदात मावणारं माझ्याकडे काही नाही.

ओस्टाप म्हणतो, लिही,
की पुढच्या गुरुवारी वादळ आहे,
मला रस्ते उपसायचेत,
साडेसात होतील.
माझ्यासाठी थांबा.