पीळ देऊ नये

सकाळचे सहा दहा. सेगेदचा सार्वजनिक तलाव,
तेहेतीस मीटर आणि वर थोडं.
हे वरचं थोडं पाटीवर लिहिलेलं नाही,
आमच्या खांद्यांना ठाऊक आहे.

कपडे बदलायच्या खोलीत एक पोरगी
नवा पोशाख लेबलासकट धरून उभी,
चमचमता, पाठीवर सोनेरी साखळी.
मी एटेल्का. एकतीस वर्षं कारखान्यात
ताणाच्या कापडावर शिलाई मारली,
त्यामुळे तोंड गप्प बसत नाही.

पोरी, म्हटलं, हा वाळूवर लोळायला.
आठवड्यातून चार दिवस क्लोरीन पाजलंस
तर नाताळ बघायचा नाही तो.
आधी आतली पट्टी वाच, रंग मागाहून.
लायक्रा लाडात येऊन अंगाला बिलगते,
आणि क्लोरीन तिला वाळवीसारखं आतून खातं.
पॉलिएस्टर निबर. पहिले दहा दिवस काचेल
काखेत, खांद्याशी,
मग सवय होते. त्याला नव्हे, तुला.
घट्टच घे, पाण्यात सगळं सैल पडतं.
हात वर कर. वाक. पोटभर श्वास घे.
श्वास अडला तर एक माप मोठा,
नुसती लाज अडली तर तोच.

उतरण्याआधी अंगावरच शॉवरखाली भिजव,
गोडं पाणी प्यालेल्या कापडाला
तलावाची तहान कमी लागते.
बाहेर आलीस की थंड नळ, उलटा करून, हाताने.
टॉवेलात गुंडाळून दाब, सावलीत पसर.
सुंभ जळलं तरी पीळ जात नाही म्हणतात,
इथे पीळ दिलास तर सुंभच जातं.
आणि कोपऱ्यातलं ते घरघरणारं यंत्र,
दहा सेकंदांत कोरडा करून देतं म्हणे...
त्याच्याकडे बघूसुद्धा नको.

तिने ऐकून घेतलं. मग माझ्याकडे बोट:
आजी, आणि हे काय घातलंय?

घातलं होतं खरं.
खाली माझा काळा, चौथ्या वर्षातला, ठणठणीत.
वर एक हिरवं लक्तर,
कधीकाळी हिरवं,
मांड्यांशी लोंबणारं, मागून जाळी झालेलं.

ओढ लागावी म्हणून, म्हटलं.
पाणी भरतं त्यात, मागे खेचतं,
दंडांना काम पडतं.

हे खरंच आहे. पण लक्तर गिझेलाचं.
ओला पोशाख पिशवीत कोंबून
रात्रभर तसाच विसरणारी ती बया.
वीस वर्षं मी ओरडले.
तिच्या पुढ्यात पोहले की बरं,
मागे पडले तर भिंतीवरचं घड्याळ
तिच्या कापडातून आरपार दिसायचं.
आता तिचा खांदा गेला.
डॉक्टर म्हणाला, पाण्यात बसा हवं तर.
बसा! गिझेलाला!
ती वर उपाहारगृहात, काचेमागे,
लांगोश खात माझ्या फेऱ्या मोजते.

तिचा मी माझ्यापेक्षा जपून धुते.
परवा सावलीत पसरताना पाहिलं:
कापडाचा जीव कधीच गेलाय,
ताणलं की ताणलेलंच राहतं,
पण काखेची शिवण एका टाक्याने उसवलेली नाही.
धागा कारखान्याचा.
त्या काळी घरी नेला की चोरी म्हणायचे.
मी नेला होता.

पहिल्या दहा फेऱ्या कशाबशा.
मग हिरवं पाण्याने फुगलं
आणि कुणीतरी पाठीमागून
धरून ठेवल्यासारखं झालं,
सोड म्हणावं असं नव्हे.

पाण्याबाहेर आले तर खोलीत घरघर.
यंत्राच्या झाकणावर दोन्ही तळवे दाबून ती पोरगी,
सोनेरी साखळी आत खणखणतेय.
मी काही बोलले नाही.
साबण शोधला.

वर काचेमागून गिझेलाने बोटं दाखवली: अडतीस.
चाळीस झाल्या होत्या.