स्वच्छ शब्दांकन

मिनिटाला दीड युरो.
दुसऱ्यांची बोलणी मी कागदावर उतरवते,
युवास्क्युलात, तिसऱ्या मजल्यावर,
कानाला हेडफोन, पायाखाली पेडल:
दाबलं की माणूस बोलतो,
सोडलं की शब्द अर्धाच तोंडात धरून थांबतो.

या खेपेला विद्यापीठाचं काम.
डॉ. हिल्का सारेला, संघटनाशास्त्र.
विषय: गिरणी बंद होताना कर्मचारी बदल कसा स्वीकारतात.
एकतीस मुलाखती आणि सूचनांचं एक पान.
अडखळणं गाळावं. खोकला गाळावा.
'म्हणजे', 'तसं', 'काय म्हणतात ते' गाळावं.
स्वच्छ शब्दांकन हवं.
मग मी निवडते, पाखडते,
खडा दिसला की बाजूला.

सतरा नंबरचा माणूस.
नाव मला कळायला नको, पण
मागून कुणीतरी विचारतं, 'ओर्वो, कॉफी घेतोस?'
आणि तो म्हणतो, नंतर.
मग तीन नंबरच्या मशीनबद्दल सांगत राहतो:
साडेआठ मीटर रुंद.
ओला कागद तुटायच्या आधी
तिच्या आवाजात बारीक फरक पडायचा,
तो त्याला झोपेतही ऐकू यायचा.
बायको म्हणायची, घरी आहेस, झोप.

शेवटच्या रिळावर सगळ्यांनी मार्करने सह्या केल्या.
ते कुठे गेलं, डॉक्टर विचारतात.
'गिऱ्हाइकाकडे. सह्या नसतील उरल्या.
वरचे दोन-चार थर सोलून टाकतातच.'

मग कागदावरचा प्रश्न:
व्यवस्थापनाची भूमिका पटली का?
'आकडे दाखवले त्यांनी. निर्णय समजला मला'
आणि नंतर अकरा सेकंद काहीच नाही.
पंखा. बशीवर टेकलेला कप.
मग, 'योऽ'.

आमच्याकडे हा होकार कधीकधी
श्वास आत ओढत म्हणतात.
परक्या माणसाला वाटतं, दचकला की काय.
आई म्हणायची असा, फोनवर,
मावशीच्या तपासण्यांचं ऐकताना,
आणि आम्ही भांडी घासायचं थांबवायचो.
उलट्या दिशेने निघालेला शब्द,
तो कसा टाइप करतात?
सूचनांच्या पानात नव्हतं.
मी गाळला.

चौदा महिन्यांनी लेख छापून आला.
मला पाठवला त्यांनी, आठवणीने.
तक्ता दोन, तिसरा रकाना: स्वीकार.
त्याखाली उत्तरदाता सतरा.
'निर्णय समजला मला.'
तो पूर्णविराम माझा आहे.
ओर्वोने दिला नव्हता.

रात्री मेल लिहिली, खोडली, परत लिहिली:
एकेचाळीस मिनिटं सात सेकंद, कृपया ऐकावं.
नऊ दिवस उत्तर नाही.
दहाव्या दिवशी फोनच आला.

ऐकलं, सारेलाबाई म्हणाल्या.
मी तर समोर बसले होते हो,
हाताच्या अंतरावर,
आणि खाली मान घालून पुढचा प्रश्न शोधत होते.
मग जरा वेळाने: परीक्षकांनी विचारलं होतं,
याने सिद्धांतात नवी भर काय पडते,
त्यासाठी मी अठरा पानं लिहिली.
आणि मग, घाईघाईने:
एकतीसच्या एकतीस पुन्हा करायच्यात, सगळ्या खड्यांसकट.
निधी संपलाय. खिशातून देईन, हप्त्यांनी.
जमेल का?

हो म्हणायला तोंड उघडलं
तर श्वासच आत गेला.
पलीकडे त्या थांबल्या. त्यांना कळलं असावं;
त्याही इकडच्याच.

आता बिल मांडायला बसलेय.
अकरा सेकंदांचे साडेसत्तावीस सेंट होतात.
ते कुठल्या नावाने लावायचे
ठरत नाही, म्हणून परत पेडल दाबते.
पंखा.
कप टेकतो बशीवर.
अजून चार सेकंद आहेत.