पांढऱ्याचा तोल

कॅमेरा मिरजेहून आला, सेकंडहँड,
पट्ट्यावर अजून बागवान स्टुडिओचं नाव.
बशीरचाचा म्हणाले, फोटो काढणं सोपं आहे पोरी,
धुणं अवघड.
मी म्हटलं, आता कुठं धुतात चाचा?
ते हसले. काउंटरवरचा नखाएवढा ब्रश
उगाच इकडचा तिकडं ठेवला.

घरी आल्यावर कळलं,
आता धुण्याला सॉफ्टवेअर म्हणतात
आणि ते निवडावं लागतं.

एक आहे भाड्याचं.
महिन्याच्या महिन्याला पैसे, थांबलात की कुलूप.
पहिले सात दिवस फुकट.
आडतीवर पावत्या टाइप करून मला जे मिळतं
त्यात ते बसतं,
पण मग पेट्रोल बसत नाही.

एक धनंजयच्या पेनड्राइव्हवर.
आधी अँटीव्हायरस बंद कर, मग नेट बंद कर,
मग डोळे मीट, म्हणाला,
अख्ख्या विश्रामबागेत तेच चालतंय.

आणि एक कायमचंच फुकट,
कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांनी रात्री जागून केलेलं.
त्याचं कुणीतरी मराठीही केलंय:
थर. मुखवटा. वक्र. इतिहास पुसा.
'इतिहास पुसा'वर बाण नेऊन
मी जरा वेळ थांबलेच.

लॅपटॉप भावाचा, चार जीबीचा.
तिन्हींना सारखाच धापा टाकतो.

फोटोही तिन्हींत एकच घातला.
शालनमावशी, मार्केट यार्ड,
सौद्याआधीची तिरपी उन्हं,
चाळण हवेत, खाली हळदीची धूळ उभीच्या उभी,
आणि हात.
कोपरापर्यंत पिवळे, रेघारेघांत मुरलेले,
नखांच्या कडा पार केशरी.

भाड्याच्यात 'ऑटो' दाबलं.
त्यानं पाऊण सेकंद विचार केला
आणि पिवळं ही चूक आहे असं ठरवलं.
धूळ पिठाची झाली.
मावशीचे हात कुणा शाळेतल्या बाईंचे.
सांगलीतली हळद काढून घेतली
आणि वर अदबीनं विचारलं, जतन करू?

पेनड्राइव्हवाल्यात चेहरा मऊ करायचं बटण होतं.
मावशीच्या कपाळावरचं गोंदण गेलं.
मग स्क्रीन निळी करून ते स्वतःही गेलं.

फुकटवाल्यात लिहिलेलं: पांढऱ्याचा तोल.
काट्याशेजारी बसते मी दिवसभर, तोल मला कळतो.
पट्टी अलीकडं, पट्टी पलीकडं,
पोत्याच्या शिवणीतल्या पांढऱ्या दोऱ्यावर टिचकी,
पुन्हा पलीकडं,
शेवटी दोरा पांढरा राहिला आणि हळद हळद.
रात्रीचा दीड वाजलेला. ठरलं, म्हटलं.

हरभट रोडवर दोन प्रिंट काढल्या,
एक धुतलेली, एक हळदीची,
आणि जेवणाच्या सुट्टीत मावशीपुढं ठेवल्या.
उत्तर मला माहीत होतं.

तिनं हात पदराला पुसले,
तरी कोपऱ्यावर पिवळा अंगठा उमटलाच.
'हे तर रोजचंच,' म्हणाली.
मग दुसरी उचलली, उजेडाकडं धरली,
बराच वेळ.
'हे हात कवाचं गं?
थोरलीच्या लग्नाआधीचं वाटत्यात.'
खरे नाहीत मावशी, मशीननं केलेत.
'असू देत की. मशीनला तरी जमलं.
मी लिंबू, रॉकेल, समदं लावून बसले.'
आणि डब्याच्या झाकणाखाली ती ठेवून दिली,
घडी न घालता.

आज सातवा दिवस.
भाड्याचं सकाळपासून विचारतंय, पुढं चालू ठेवायचं का?
फुकटवालं काहीच विचारत नाही.
हळदीची प्रिंट माझ्याकडं परत आलीय,
कोपऱ्यात अंगठ्यासकट.
तो धुवायचा असतो की राहू द्यायचा,
हे विचारायला एकदा मिरजेला जायचंय.
गाडीत पेट्रोल किती आहे, बघते.