चूकदुरुस्ती

बेळगावात वडगावच्या त्या गल्लीत, कल्लव्वाच्या माडीखाली,
चार माग एकदम बोलतात,
म्हणून तिथं सगळंच ओरडून विचारावं लागतं,
"जेवलीस काय?" हेसुद्धा.

सहा पोरं आलेली, बेल्जियमहून,
एका सत्रापुरती, प्रवासवार्ता शिकायला.
सोबत त्यांचे सर, पाठ सांभाळत
सुताच्या पेटाऱ्यावर अर्धे टेकलेले.
दुभाषी मी. दिवसाचे सहाशे आणि दुपारचं जेवण.
माझं घर तिथून दोन गल्ल्या पलीकडं,
आणि कल्लव्वाची पायरी मी त्या दिवशी पहिल्यांदा चढले.
हे कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

सरांनी आदल्या रात्री लॉजवर नियम लिहून दिले होते.
विचारल्याशिवाय फोटो नाही. पैसे द्यायचे नाहीत.
भेट घ्यायची नाही.
गरिबी देखणी दिसायला लागली
की कॅमेरा खाली ठेवायचा.
दुभाषीनं काय करायचं, ते कागदावर नव्हतं.

लीस्बेट माझ्या कानाशी आली.
तिला बॉर्डरबद्दल विचार.
बॉर्डरनं तिच्या आयुष्याचं काय केलं.
मी मागांच्या वरताण ओरडले:
"कल्लव्वा, बॉर्डरचं विचारूलालीय गे ही!"

कल्लव्वानं माग थांबवला नाही.
विणून झालेल्या काठावर बोट ठेवलं.
"बॉर्डर? आता काय सांगू.
सगळा जीव तिथंच जातोय बघ.
मधलं अंग काय, शिकाऊ पोरगं पण विणतंय.
दोन्हीकडचा ताण सारखा नसला
की कापड गोळा होतंय, असं.
गिऱ्हाईक पयला बॉर्डरच बघतंय,
आणि झिजती पण पयली तीच.
जमिनीला लागून असती न्हवं."

मला थांबवता आलं असतं.
मी शब्दाला शब्द दिला, एकही खोटा नव्हता.
लीस्बेटचं पेन धावत होतं,
मध्येच तिनं मनगटानं डोळे पुसले.

तेवढ्यात करंट गेला.
चारी माग आपापल्या धाग्यावर गप्प.
कल्लव्वा सुनेला कन्नडात काहीतरी म्हणाली,
मग माझ्याकडं वळून, हळू, मराठीत:
"तू चव्हाटे टेलरची थोरली काय गे?
कधी आली नाहीस ती."

"काय म्हणाली?" सरांनी विचारलं.
"चहा घ्या म्हणते."

चहा खरंच आला. निघताना कल्लव्वानं
लीस्बेटच्या ओटीत तांदूळ आणि एक खण घातला.
सर खिशातल्या कागदाशी चाळा करत राहिले.
याला नाही म्हणायचं नसतं, मी म्हणाले.
हे मात्र भाषांतर नव्हतं.

अडीच महिन्यांनी लेख आला.
दोन राज्यांचा ताण सारखा नसला की कापड गोळा होतं,
असं एक वृद्ध विणकर सांगते, म्हणे.
सीमा आधी झिजते, कारण ती जमिनीला लागून असते.
वाचताना माझ्याच अंगावर काटा आला.
खाली आभारात माझं नाव,
एकही अक्षर न चुकता.

कल्लव्वाला वाचून दाखवला, मराठी करत करत.
राज्यं आली तिथं माझा आवाज जरा पडला,
तर "मोठ्यानं वाच की," म्हणाली.
मग फोटो लांब धरून बघितला.
"सगळं बरोबर हाय.
पण ही बॉर्डर हिरवी आलीय गे. मोरपंखी होती ती.
मी काय हिरवी विणली म्हणून लिहिलंय त्यांनी?
कळव त्यांना."

मी सरांना लिहिलं:
चूकदुरुस्ती. काठ मोरपंखी वाचावा.
तिसऱ्या दिवशी दुरुस्त झाला, दिलगिरीसह.

दुसरी ओळ लिहून ठेवलीय, पाठवलेली नाही.
त्याआधी कल्लव्वाला विचारायला हवं,
आणि तेही माग चालू असताना,
ओरडून.