पेन्सिलीनं लिहायची नावं

मंत्र्यांची नावं पेन्सिलीनं लिहायची,
हे देउकलादिदीनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.
नद्या पेनानं. शिखरं पेनानं.
घटनेची कलमंही पेनानं, पण समास मोठा सोडायचा.
ती स्वतः चारदा बसली लोकसेवेला.
आता बागबजारच्या गल्लीत झेरॉक्सचं दुकान चालवते
आणि आमच्या वह्यांच्या प्रती काढता काढता
चुका सुधारून देते. त्याचे पैसे घेत नाही.

पहाटे साडेपाचला क्लास.
पुस महिन्यात सरांच्या तोंडून आधी वाफ येते,
मग चालू घडामोडी.
एका बाकावर सहा जण, कोपर मारत लिहायचं.
जागा किती निघाल्या, हे बाकावर विचारू नये.
चुकीच्या उत्तराला वीस टक्के कापतात,
सोडून दिलेल्याला काहीच नाही.
मामा लग्नाचं विचारतो तेव्हा
मी प्रश्न सोडून देते.

ज्ञानीमैयाच्या चहाच्या टपरीवर कालचा पेपर फुकट मिळतो,
आजचा विकत.
कालच्यात ती सेलरोटी बांधते,
त्यामुळे माझ्या कात्रणांना तेलाचा वास आहे
आणि कराटेतलं एक कांस्यपदक
अर्धं पारदर्शक झालंय.

आमच्याकडे प्रत्येक गोष्ट दोनदा घडते,
एकदा विक्रम संवतात, एकदा इसवी सनात.
करार दोनदा होतो. भूकंप दोनदा.
मधल्या छप्पन वर्षं आठ महिन्यांत मी राहते,
तिसरा मजला, खोली नऊ,
पाणी एक दिवसाआड.

शिकणं जमतं मला. विसरणं जमत नाही.
गेल्या खेपेचं बरोबर उत्तर
यंदा चूक असतं, तरी हात तिकडेच जातो,
बिऱ्हाड बदलल्यावर अंधारात
जुन्या खोलीतल्या बटणाकडे जातो तसा.

श्रमपरवाना घेऊन वर्षभरात परदेशी गेलेल्यांची संख्या
सहा आकडी आहे, पटकन तोंडी बसत नाही.
भांडी घासताना मी ती चाल लावून म्हणायचे.
एककाच्या घरात सात होते.
त्या सातांत कुठेतरी माझा भाऊ नरजित धरला होता मी,
दोहाला उंच इमारतींच्या काचा पुसणारा.
यंदा नवी संख्या आली. जुनी खोडली.
तो तिथेच आहे.

रात्री जुम्ल्याहून आईचा फोन.
टॉवर डोंगरापलीकडे, आवाज येतो, जातो.
"काय नवीन?" ती विचारते.
त्या दिवसाच्या सतरा नव्या गोष्टी मला पाठ असतात.
"काही नाही," मी म्हणते. "तुझ्याकडे?"
मग ती सुरू होते.
अक्रोडाची खालची फांदी बर्फानं मोडली.
राजम्याला भाव नाही.
बिस्नुकलाच्या सुनेला मुलगी झाली, पायाळू.
झुलता पूल पुरा झालाय, उद्घाटनाला कुणी येईना,
म्हणून लोकांनी आधी गाई नेल्या त्यावरून,
मग स्वतः गेले.
यातलं काहीही परीक्षेत येत नाही.
तरी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलं,
तारीख घालून.
एकच तारीख.

परवा सरकार पुन्हा बदललं.
देउकलादिदी दुकानातून ओरडली, "रबर आहे ना गं?"
आणि अख्खी गल्ली हसली.
मी खोडायला बसले.
आरोग्य खात्यापुढे इतक्यांदा खोडलंय
की कागदाला भोकच पडलं.
त्यातून पुढच्या पानावरची कर्णाली दिसते,
पेनानं लिहिलेली, किलोमीटरसकट.

तीही म्हणे परत मोजणार आहेत.