खवले

आज तिसरा दिवस. कास्त्रोच्या ऑफिसात
स्टोव्हला पाठ लावून आम्ही चौघं भांडतोय:
बेटांवरच्या दवाखान्यांचं वेब-अ‍ॅप
नव्याने उभं करायचं, पण कसं?

यानारा सव्वीस वर्षांची. फळ्यावर चौकोन काढते,
चौकोनात चौकोन, त्याला बाण.
"सगळं ब्राउझरमध्ये न्यायचं. सर्व्हरने माहिती द्यावी
आणि गप्प बसावं."
बाल्तासारला प्रत्येक चौकोनाची वेगळी चूल हवी:
लसीकरण एका टीमचं, औषधसाठा दुसरीचा.
टीम किती? मी विचारते.
आम्ही चौघंच. आणि रुपेर्तो मार्चपर्यंतच.

जुना कोड माझा आहे.
हे कुणी बोलत नाही, माझ्यासमोर तरी.
सोळा वर्षांपूर्वी, लेओनेल पोटात असताना लिहिला;
एका फाइलीत अजून माझी टीप आहे:
'हे तात्पुरतं आहे, पुढच्या आठवड्यात नीट करते.'

लहानपणी मी एक घर चालताना पाहिलंय.
मिंगा म्हणतात. शेजारपाजारचे सगळे, बैलांच्या आठ जोड्या,
खाली ओंडके, आणि मामाचं दुमजली घर
उतारावरून कुरकुरत भरतीच्या पाण्यात,
मग होड्यांच्या मागे तरंगत पलीकडच्या किनाऱ्याला.
संध्याकाळी सगळ्यांना मटण आणि बटाटे.
रात्री पाऊस आला. मामी भांडं ठेवायला उठली
माडीच्या त्याच कोपऱ्यात, जिथे आधीही गळायचं.

"म्हणजे जसंच्या तसं उचलून नव्या सर्व्हरवर नको,"
रुपेर्तो म्हणाला. त्याला प्रत्येक गोष्टीचं तात्पर्य लागतं.
मला काढायचं नव्हतं. ते भांडं आठवलं, इतकंच.

गुरुवारी मोटारबोटीने केउईला गेलो.
एदुविना मियालोंको, तेवीस वर्षं तिथली नर्स.
माझं पान उघडलं, हळू, पण अक्षरांसकट.
न बघता ती टॅब, टॅब, टॅब, एंटर करते;
डोळे आईकडे, डावा हात बाळाच्या पायावर.
मग यानाराने आपला नमुना लावला.
पांढरं पान. मधोमध एक गोल, फिरणारा.
नेट इथे धक्क्यावरच धड मिळतं,
तेव्हा धक्क्यापर्यंत चालत गेलो.
तिथे ते उघडलं एकदाचं, आणि देखणं होतं, खोटं कशाला बोलू.
एदुविना म्हणाली, "छान आहे गं.
बाळाला इथे आणू का टोचायला?"

बोटीची वाट बघताना कुणी बोललं नाही.
चर्चजवळच्या घरावर एक म्हातारा शिडी लावून
भिंतीचे लाकडी खवले बदलत होता.
कुजलेला उपटायचा, नवा वरच्याच्या खाली सरकवायचा,
दोन खिळे.
आत माणसं जेवत होती, खिडकीतून तळलेल्या माशाचा वास.
नवे खवले पिवळे, जुने राखाडी;
भिंत गोधडीसारखी दिसत होती,
आणि त्याला त्याचं काही नव्हतं.

फळा यानारानेच पुसला.
पान सर्व्हरवरच तयार होईल, आधीसारखं;
अक्षरं आधी, शोभा मागून.
जिथे खरंच हालचाल हवी, म्हणजे लसींचा तक्ता,
तेवढाच तुकडा तिच्या फ्रेमवर्कमध्ये.
मग बघू पुढचा.
टॅबचा क्रम मात्र हलवायचा नाही.

बाल्तासार म्हणतो, एका भिंतीत दोन जातींचं लाकूड,
पाच वर्षांनी तू नसशील,
कोण सांगणार कुठलं काय धरून आहे?
त्याचं चुकत नाही. माझ्याकडे उत्तर नव्हतं.
त्याचा प्रश्न वहीत लिहून ठेवला, तारखेसकट.

काल पहिला खवला उपटला, लॉगिनचं पान.
खाली माझी ती टीप निघाली.
पुसणार होते.
मग फक्त 'पुढच्या आठवड्यात' एवढंच काढलं.